५५ अंशांची परीक्षा

घर तापवायला हीट पंप बसवायचं ठरलं की चर्चा थेट यंत्रावर जाते: कोणत्या कंपनीचा, किती किलोवॉटचा? त्याआधी घराबद्दलची एक गोष्ट कळायला हवी. कडाक्याच्या थंडीत ते ऊबदार राहायला रेडिएटरमध्ये, म्हणजे गरम पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यांमध्ये, किती गरम पाणी लागतं?

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरून उचलून आत आणतो. शून्य अंश सेल्सियस म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानापासून मोजलं तर २७३ अंश (केल्विन) वर, त्यामुळे गारठलेल्या हवेतही उष्णता भरपूर असते. बऱ्याच नव्या पंपांमध्ये ही उष्णता वाहून नेणारा वायू म्हणून प्रोपेन असतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे ४२ अंशांनाच उकळतो, म्हणून थंड हवासुद्धा त्याची वाफ करू शकते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून तापवतो आणि तिची उष्णता पाण्याला मिळते. लॉर्ड केल्विन यांनी ही कल्पना १८५२ मध्ये मांडली. तेव्हापासून यंत्रं खूप सुधारली, पण बाहेरची हवा आणि आतलं पाणी यांच्यातला फरक वाढला की वीज जास्त लागणार, याला इलाज नाही. बाहेर शून्य अंश असताना ३५ अंशांचं पाणी द्यायचं असेल, तर आदर्श यंत्र एक युनिट विजेत जवळपास ९ युनिट उष्णता देईल. पाणी ५५ अंशांचं हवं असेल तर ६. प्रत्यक्षातली यंत्रं फार तर याच्या निम्म्यापर्यंत पोचतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं.

अडचण अशी की जुन्या घरांतले रेडिएटर बहुधा ७०-८० अंशांचं पाणी गृहीत धरून बसवलेले असतात. खोली २० अंशांवर आणि रेडिएटर सरासरी ७० वर, म्हणजे ५० अंशांचा फरक. पाणी सरासरी ४५ वर आणलं की फरक निम्मा होतो, पण मिळणारी उष्णता निम्म्याहूनही खाली, सुमारे ४० टक्क्यांवर येते. उरलेली तूट रेडिएटरचं क्षेत्रफळ वाढवून भरायची किंवा घराची गरजच कमी करायची.

ही तूट खरोखर आहे का, ते घरात रेडिएटरचं पाणी तापवणारा बॉयलर आधीच असेल तर फुकटात तपासता येतं. थंडी ऐन भरात असताना बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ५५ वर आणा आणि दोन-तीन दिवस रात्रंदिवस तसंच चालू ठेवा. (टाकीतल्या वापरायच्या पाण्याची सेटिंग वेगळी असते, तिला हात लावू नका. ते ६० अंशांना साठवतात ते लेजिओनेला जिवाणू मरावेत म्हणून.) सगळ्या खोल्या ऊबदार राहिल्या तर घर जवळजवळ तयार आहे. बऱ्याचदा एखाद-दुसरीच खोली रडते आणि तिथे एका पत्र्याच्या रेडिएटरऐवजी दोन पत्र्यांचा लावला की भागतं.

पैसे मोजकेच असतील तर मी ते खिडक्यांवर आधी घालणार नाही. वारा असलेल्या दिवशी पेटती उदबत्ती घेऊन घरभर फिरा: पोटमाळ्याच्या झाकणाची कड, भिंतीतून नळ जातो ती जागा, दारांच्या चौकटी. धूर जिथे आडवा पळतो तिथून पैसा पळतोय. मग पोटमाळा. तिथे खनिज लोकरीचा (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचा) पहिला १० सेंटिमीटरचा थर सगळ्यात जास्त उष्णता अडवतो, पुढचा प्रत्येक थर त्याहून कमी. मात्र छपराच्या कडेच्या हवेच्या वाटा बुजवू नका आणि न्हाणीघरातला पंखाही बंद करू नका, नाहीतर ओल धरून बुरशी येते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नळ्यांची जाडी. बॉयलरकडून निघालेलं पाणी परत येईपर्यंत २० अंशांनी थंड झालं तरी चालतं, हीट पंपाला साधारण ५ अंशच हवे असतात. ८ किलोवॉट उष्णता पोचवायला पहिल्या रीतीत मिनिटाला सुमारे ६ लिटर पाणी पुरतं, दुसरीत २३. आठ-दहा मिलिमीटरच्या बारीक नळ्यांतून एवढं पाणी रेटायला गेलं तर त्या आवाज करतात आणि शेवटच्या खोलीपर्यंत ऊब पोचत नाही. फरशीखाली काय दडलंय, ते कोटेशन घेण्याआधीच बघा.

पंपाची क्षमता या सगळ्यानंतर ठरवायची, तीही खोलीगणिक उष्णतेचा हिशोब मांडून. आधी पंप घेतला आणि नंतर घर बंदिस्त केलं, तर तो घराला मोठा होतो, सारखा चालू-बंद होत राहतो आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो.

बाहेरच्या युनिटला मोकळी हवा हवी आणि ते झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. त्यावर साचलेलं बर्फ ते अधूनमधून वितळवतं, म्हणून पाण्याचा निचरा पायवाटेवर होऊ देऊ नका, तिथे पुन्हा गोठलं की पाय घसरतो. प्रोपेन ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तळघराचे झरोके आणि गटाराची तोंडं दूर हवीत.

पंप लागल्यावरही आकड्याशी खेळणं संपत नाही. बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान ठरवणारी सेटिंग यंत्रात असते. ती दर काही दिवसांनी एकेक अंश खाली आणा, एखादी खोली गार पडली की एक अंश वर. उतरवलेल्या प्रत्येक अंशामागे सुमारे दोन टक्के वीज वाचते.