उपकरणाचे वय तापमानात मोजावे

घरातले एखादे उपकरण बंद पडले की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. हमीची मुदत संपताच यंत्र बिघडावे अशी तजवीज कंपन्यांनीच केलेली असते, हे पहिले. आणि पूर्वीची यंत्रे जन्मभर टिकत, हे दुसरे. पहिल्या समजाला इतिहासाचा थोडा आधार आहे. १९२४ साली जगातील मोठ्या बल्ब-उत्पादकांनी जिनिव्हा येथे एक संघ स्थापन केला, बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले आणि ही मर्यादा ओलांडणाऱ्या सभासदांना दंड आकारला. दुसरा समज मात्र निवडक पुराव्यावर उभा आहे. जुन्या यंत्रांपैकी जी टिकली तीच आज आपल्यासमोर आहेत. त्यांच्याच वयाची जी यंत्रे केव्हाच भंगारात गेली, ती आपल्या हिशेबात येतच नाहीत.

या वादात कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळत असलेल्या बल्बचा दाखला वारंवार दिला जातो. तो आज एखाद्या ४ वॅटच्या रात्रदिव्याइतकाच उजेड देतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्याच्या दीर्घायुष्याचे कारण याच मंदपणात आहे, कारण तार जितकी कमी तापते तितके तिचे बाष्पीभवन कमी होते. टंगस्टनच्या साध्या बल्बचा विद्युतदाब ५ टक्क्यांनी घटवला, तर प्रकाश सुमारे सहाव्या हिश्शाने कमी होतो, पण आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. तापमानातील लहानशा फरकाने आयुष्यात इतका मोठा फरक का पडावा, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण आजच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या वार्धक्याचे उत्तरही बव्हंशी त्यातच दडलेले आहे.

टीव्ही, वॉशिंग मशीनचे नियंत्रण करणारा सर्किट बोर्ड, एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर या सर्वांच्या वीजपुरवठ्याच्या भागात बहुधा एक लहान दंडगोलाकार डबी असते. तिला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणतात. शालेय भौतिकशास्त्रातील धारित्राचाच, म्हणजे दोन पट्टिकांवर विद्युतभार साठवणाऱ्या घटकाचाच, हा एक प्रकार होय. तिच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते. या पत्र्यावर विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवलेला असतो आणि तो इतका पातळ असतो की प्रत्येक व्होल्टमागे त्याची जाडी एक ते दीड नॅनोमीटरच भरते. त्याला लागून कागदात मुरवलेला विद्युतवाहक द्रव असतो. हा द्रव केवळ भरणा नसून कपॅसिटरची दुसरी पट्टिका प्रत्यक्षात तोच असतो. डबीचे तोंड रबराच्या बुचाने बंद केलेले असते. रबरातून द्रवाची वाफ अत्यंत सावकाश, पण अखंड बाहेर झिरपत राहते, आणि द्रव आटत गेला की ती पट्टिकाच हळूहळू नाहीशी होऊ लागते.

हे झिरपणे किती वेगाने होईल, ते तापमानावर ठरते. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये रासायनिक क्रियांच्या वेगासाठी जे सूत्र मांडले, त्याच धर्तीचा घातांकी नियम येथे लागू पडतो. द्रवातील रेणूला सुटून बाहेर पडण्यासाठी ऊर्जेचा एक अडथळा ओलांडावा लागतो. सगळ्या रेणूंची ऊर्जा सारखी नसते. बहुसंख्य रेणू सरासरीच्या आसपास असतात आणि अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा अगदी मोजक्यांकडेच असते. अडथळ्याची उंची त्या तापमानाला असणाऱ्या औष्णिक ऊर्जेच्या, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराच्या, सुमारे २५ पट आहे असे धरू. आता तापमान ३३० केल्विनवरून ३४० केल्विनवर नेले, तर सरासरी ऊर्जा केवळ ३ टक्क्यांनी वाढते. परंतु अडथळा ओलांडू शकणाऱ्या रेणूंचे प्रमाण २५ गुणिले ०.०३, म्हणजे e या संख्येच्या (सुमारे २.७२) ०.७५ व्या घाताइतक्या पटीने वाढते आणि दुपटीहून थोडे अधिक होते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे आणि १० अंशांनी उतरले की दुप्पट, हा अभियंत्यांचा ढोबळ नियम यातूनच येतो.

या नियमाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. कपॅसिटरच्या माहितीपत्रकात '१०५ अंश सेल्सियसला २००० तास' अशी नोंद सर्रास आढळते. तो ६५ अंशांवर वापरला, तर १० अंशांची घट चार वेळा झाली, म्हणजे आयुष्य १६ पट होऊन ३२,००० तासांवर गेले. अखंड वापरात ही सुमारे साडेतीन वर्षे होतात. तोच ४५ अंशांवर ठेवला, तर १,२८,००० तास, म्हणजे साडेचौदा वर्षांच्या आसपास मिळतात. कारखाना तोच आणि भागही तोच. फरक फक्त टीव्ही भिंतीला चिकटवून ठेवला होता की त्यामागे हवेला वाट होती, उपकरणाच्या जाळीवर धूळ साचली होती की ती वेळच्या वेळी झटकली जात होती, एवढाच असू शकतो. बंद काचेच्या टोपणात बसवलेला एलईडी दिवा लवकर का जातो, याचेही उत्तर येथे आहे. अशा दिव्यात प्रकाश देणारा अर्धवाहक पुष्कळदा शाबूत असतो आणि आधी मान टाकतो तो त्याला वीज पुरवणारा भाग.

द्रव आटू लागला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की त्यातून जाणाऱ्या प्रवाहाने तो अधिक तापतो, आणि अधिक तापला की द्रव आणखी वेगाने आटतो. वर्षानुवर्षे काहीच न जाणवता शेवटच्या काही आठवड्यांत उपकरण झपाट्याने ढासळते, ते या दुष्टचक्रामुळे. त्याची खूण ओळखता येते. थंड असताना उपकरण चटकन सुरू होत नाही, दोन-चार प्रयत्नांनंतर सुरू होते आणि एकदा तापले की सुरळीत चालते, कारण थंड द्रवाचा रोध अधिक असतो. डबीचा माथा फुगलेला दिसला, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. अशा वेळी सगळे उपकरण टाकून देणे हा निव्वळ अपव्यय आहे. जाणकार तंत्रज्ञ तेवढा एक भाग बदलून देतो. छताच्या पंख्याचा कपॅसिटर प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा असतो आणि त्याची धारिता कमी झाली की पंखा मंद फिरू लागतो. तेथेही बहुधा मोटार बदलण्याची गरज नसते.

कपॅसिटरचा विषय निघालाच आहे, तर प्लगमध्ये खोचल्यावर वीजबिल कमी करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. त्यांच्यात बहुधा एखादा कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा असतो. घरगुती मीटर सामान्यतः प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा मोजतो आणि या कपॅसिटरने ती घटत नाही. ही ग्राहकाची शुद्ध फसवणूक आहे.

वीज वाचवण्यासाठी जुने उपकरण बदलावे का, याचा निर्णय ते उपकरण विजेचे काय करते यावर घ्यावा. इस्त्री, केटल, टोस्टर ही उपकरणे विजेची उष्णता करतात आणि ते रूपांतर आधीच जवळजवळ पूर्ण असते. त्यामुळे नवी इस्त्री वीज वाचवेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. फ्रिजची गोष्ट वेगळी आहे. तो उष्णता आतून बाहेर नेतो आणि रात्रंदिवस चालू असतो. त्याच्या भिंतींतील पॉलियुरेथेन फोमच्या सूक्ष्म पोकळ्यांत उष्णता कमी वाहणारा वायू भरलेला असतो. काळाच्या ओघात तो बाहेर पसरतो, त्याची जागा हवा घेते आणि भिंतीचा उष्णतारोध घटतो. दाराचे रबर नवे बसवता येते, फोम बदलता येत नाही. म्हणून फ्रिजला ऊर्जामापक जोडून आठवडाभराचा वापर नोंदवावा आणि त्याच आकाराच्या नव्या फ्रिजच्या घोषित वापराशी तो ताडून पाहावा. रबर ठीक असूनही कॉम्प्रेसर जवळपास अखंड चालत असेल आणि आकड्यांत मोठी तफावत असेल, तर तो फ्रिज बदलावा.

काही बाबतींत मात्र हिशेब करत बसू नये. वायरीचे आवरण तडकलेले असेल, उपकरणाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल किंवा लिथियम बॅटरी फुगली असेल, तर वापर तत्काळ थांबवावा. मायक्रोवेव्ह ओव्हन घरी उघडू नये. त्यातील उच्चदाबाचा कपॅसिटर सुमारे २००० व्होल्टवर काम करतो आणि प्लग काढल्यानंतरही त्यात जीवघेणा भार शिल्लक असू शकतो.

जुना फ्रिज टाकून देतानाही त्याचे वय पाहावे लागते. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने हद्दपार झालेले सीएफसी वायू या हद्दपारीआधीच्या फ्रिजच्या नळ्यांत आणि फोममध्येही असत. हे वायू ओझोन थराचा नाश करतात, आणि त्यांपैकी सीएफसी-१२ ची शंभर वर्षांच्या काळातील तापमानवाढीची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १० हजार पट आहे. नळी कापून तांबे काढून घेणाऱ्याच्या हाती असा फ्रिज दिला की हा वायू थेट हवेत जातो. म्हणून तो वायू काढून साठवण्याची यंत्रणा असलेल्या केंद्राकडेच सोपवावा.