सरकणारी मोजपट्टी

दारातून आत शिरताना आपण गणित मांडत नाही. दार ऐसपैस असलं तर सरळ आत जातो आणि वाट अरुंद असली तर खांदे आपोआप तिरके होतात. पण किती अरुंद झाल्यावर? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे मोजलं आणि २०१३ साली प्रसिद्ध केलं. निरोगी बायका साधारणपणे स्वतःच्या खांद्यांच्या सव्वापट रुंदीच्या वाटेपर्यंत सरळ चालत गेल्या, त्याहून अरुंद वाटेला त्यांनी अंग तिरकं केलं. ॲनोरेक्सिया या आजारात माणूस स्वतःला उपाशी ठेवून वाळत जातो. त्याच्या रुग्ण मात्र वाट खांद्यांच्या १.४ पट असतानाच तिरक्या होऊ लागल्या. आपल्या चालण्यावर कुणाचं लक्ष आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती, कारण त्यांना दुसऱ्याच कामात गुंतवलं होतं. ‘मी जाड आहे’ हे त्या तोंडाने म्हणतच होत्या, पण त्यांची पावलंही तेच धरून चालत होती.

हा आजाराचा भाग झाला, आपलं तसं नाही, असं म्हणावंसं वाटेल. मग हाताचंच पाहू. लंडनमध्ये २०१० साली काही निरोगी लोकांचा हात फळीखाली झाकून ठेवला आणि बोटांची टोकं, सांधे कुठे असतील ते फळीवर दाखवायला सांगितलं. त्या खुणा जोडल्यावर जो पंजा तयार झाला तो खऱ्या पंज्यापेक्षा बराच रुंद होता आणि बोटं आखूड. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो खरं, पण ते कांकण ज्या हातात घालायचं त्याचंच माप मेंदूला धड ठाऊक नसतं.

आतलं माप इतकं कच्चं असल्यावर मेंदू बाहेर बघतो. आसपास जी शरीरं दिसतात त्यांची तो नकळत सरासरी काढत राहतो आणि तिलाच ‘नेहमीचं’ म्हणतो. ही सरासरी किती सहज हलते! २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात लोकांना संगणकावर चेपून बारीक केलेली शरीरं काही मिनिटं दाखवली. त्यानंतर त्यांना जे शरीर सर्वसाधारण वाटलं ते आधीपेक्षा बारीक होतं, आणि जे देखणं वाटलं तेही. कुणी भाषण दिलं नव्हतं, बारीक असावं असा उपदेशही केला नव्हता. कडक उन्हातून आत आल्यावर खोली अंधारी वाटते, तसाच हा प्रकार. खोली होती तशीच असते.

मोजपट्टी पोटाच्या हिशोबानेही सरकते. जेवायला निघालेल्या भुकेल्या पुरुषांना आणि जेवून बाहेर पडलेल्या तृप्त पुरुषांना बायकांची तीच छायाचित्रं दाखवली, तर भुकेल्यांनी जरा भरलेल्या अंगाला जास्त पसंती दिली. सौंदर्याच्या चिरंतन कल्पनेबद्दल कुणी फारच गंभीरपणे बोलू लागलं की मला हा प्रयोग आठवतो.

पण प्रयोगशाळेतली काही मिनिटं वेगळी आणि अख्खा समाज वेगळा. समाजाची मोजपट्टी सरकताना सहसा कुणी टिपून ठेवत नाही. फिजीमध्ये ते जमलं. मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ ॲन बेकर तिथे आधीपासून काम करत होत्या. तिथे भरलेलं अंग चांगलं मानलं जाई. एखादी मुलगी वाळू लागली की लोकांना काळजी वाटे, कारण तिच्या माणसांचं तिच्याकडे लक्ष नाही असा त्याचा अर्थ निघे. १९९५ साली देशाच्या पश्चिमेकडच्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. बेकर यांनी तेव्हा तिथल्या शाळकरी मुलींना खाण्याच्या सवयींबद्दलची ठरावीक प्रश्नावली दिली आणि १९९८ साली तीच प्रश्नावली त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना दिली. धोक्याच्या पातळीवर गुण असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी करणारी पहिल्या वेळी एकही नव्हती, दुसऱ्या वेळी ११.३ टक्के होत्या. अवघी तीन वर्षं.

नमुना लहान होता, दोन्ही वेळा साठ-पासष्ट मुली. त्या तीन वर्षांत टीव्हीखेरीज बाकीही बरंच बदललं असणार, तेव्हा सगळं खापर एका खोक्यावर फोडता येत नाही. त्याच चमूने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला पुढचा निष्कर्ष मला अधिक विचार करायला लावणारा वाटतो. मुलगी स्वतः किती पडदा बघते याच्या जोडीला तिच्या मैत्रिणींकडे टीव्हीसारखं काय-काय आहे, याचाही खाण्याच्या तक्रारींशी संबंध दिसला, आणि तोही स्वतंत्रपणे. घरात टीव्ही नसला म्हणून मुलगी त्यापासून लांब राहते असं नाही. मोजपट्टी मैत्रिणींच्या बोलण्यातून येते, ‘जाडी झालीस गं’ एवढ्या तीन शब्दांतूनही.

ज्या शरीराशी ही तुलना चालते ते शरीर असतं तरी कुणाचं? १९४५ साली अमेरिकेत याची नकळत परीक्षा झाली. सुमारे १५,००० तरुण स्त्रियांच्या मापांची सरासरी काढून ‘नॉर्मा’ नावाचा पुतळा घडवला होता आणि तो क्लीव्हलँडच्या आरोग्य संग्रहालयात ठेवला होता. तिथल्या वर्तमानपत्राने तिच्याशी तंतोतंत जुळणारी स्त्री शोधायची स्पर्धा लावली. ३,८६४ जणींनी मापं पाठवली. नऊपैकी पाच मापं जुळणाऱ्या चाळीससुद्धा भरल्या नाहीत आणि नऊच्या नऊ जुळणारी एकही निघाली नाही, विजेतीसुद्धा नाही. पुढे अमेरिकी हवाई दलाच्या ४,०६३ वैमानिकांबाबत हेच झालं. दहा मापांत मधल्या पट्ट्यात बसणारा एकही वैमानिक सापडला नाही, तेव्हा विमानातली आसनं माणसाप्रमाणे पुढेमागे करता यायला हवीत हे हवाई दलाला पटलं. इकडे नॉर्माच्या बाबतीत काही डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष मजेशीर होता. पुतळा चुकलाय असं त्यांना वाटलं नाही. त्यांच्या मते बायका व्यायाम करत नाहीत, म्हणून जुळत नाहीत.

आजची नॉर्मा संगणकावर घडते. छायाचित्रात फेरफार केला असेल तर जाहिरातीवर तसं लिहा, असा नियम फ्रान्सने २०१७ पासून लागू केला आणि नॉर्वेनेही पुढे तसा कायदा केला. हेतू चांगलाच आहे, पण अशा सूचनांवरचे बहुतेक प्रयोग निराशाजनक निघाले. सूचना वाचूनही स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी होत नाही. याचं मला आश्चर्य वाटत नाही. चित्र खोटं आहे हे आपल्याला वाचून कळतं, पण सरासरी काढणारी यंत्रणा अक्षरओळख असलेली नाही. तिच्यापर्यंत फक्त आकार पोहोचतो.

दुसऱ्या बाजूनेही तिच्यापर्यंत आकारच पोहोचवता येईल का? दाराच्या प्रयोगातल्या संशोधकांपैकी काहींनी २०१६ मध्ये हे करून पाहिलं. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना आभासी जगाचा चष्मा लावला. खाली पाहिलं की स्वतःच्या जागी निरोगी वजनाचं पोट दिसायचं. त्या चित्रातल्या पोटावरून ब्रश फिरे त्याच क्षणी खऱ्या पोटावरूनही ब्रश फिरवला जाई. थोड्या वेळाने ते शरीर आपलंच वाटू लागे. मग चष्मा काढून त्यांना स्वतःच्या शरीराचं माप सांगायला सांगितलं, तर एरवी फुगवून सांगितलेले आकडे खऱ्याच्या जवळ आले होते. पावणेतीन तासांनी पुन्हा विचारलं तेव्हाही तो फरक टिकून होता.