फुंकर मारल्याने कॅसेट चालत नाही

टीव्हीवरचा व्हिडिओ गेम लागला नाही की त्याची कॅसेट काढायची, जोरात फुंकायची आणि परत खोचायची. मुंबईच्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला हा उपाय पाठ आहे. पण तो चुकीचा आहे.

गेम चालू होतो तो फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. १९८३ साली जपानात आलेला निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा व्हिडिओ गेमचा संच आणि आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या त्याच्या स्वस्त नकला, दोन्हींच्या कॅसेटला ६० पिना. त्यातली एखादी महत्त्वाची पिन नीट टेकली नाही, की पडद्यावर नुसती ठिगळं. पुन्हा खोचताना पिना घासल्या जातात आणि संपर्क जुळतो. फुंकरीतून मात्र थुंकीचा ओलावा आत जातो, धातू गंजतो. कॅसेटमध्ये फुंकू नका, असं निन्टेन्डोनेही बजावलं होतं. त्यात मुंबईची पावसाळी हवा!

मी चोरबाजारातून आणलेल्या एका पिवळ्या कॅसेटच्या पिनांवर हिरवट पुटं चढली होती. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिना लांबीच्या दिशेने हलकेच पुसल्या. काडी काळीकुट्ट! दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग पूर्ण वाळू दिलं. पहिल्याच खेपेला गेम लागला.