‘नुसता अंधार दिसतोय’ असा फोन करण्याआधी

आमच्याकडून दुर्बीण भाड्याने नेलेल्यांचे शनिवारी रात्री भंडारदऱ्याहून, पानशेतहून फोन येतात : "साहेब, काहीच दिसत नाही." परत आलेली दुर्बीण तपासावी तर आरसा ठीक, आयपीस (डोळा लावायचं भिंग) ठीक. बहुतेक वेळा फाइंडर (नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) मुख्य नळीशी जुळवलेला नसतो, एवढंच.

हे काम उजेडी उरकायचं. मुक्कामी पोचलात की नळी सूर्याच्या विरुद्ध दिशेला वळवा (सूर्याकडे कधीच नाही, फाइंडरही नाही!), २५ मिमीची आयपीस लावा आणि किलोमीटरभर तरी लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक मधोमध आणा. आता नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर घ्या. झालं. दुकानात आम्ही जुळवूनच देतो, पण घाटात गाडीचे धक्के बसले की ते सरकतं. चित्र उलटं दिसेल; आरशाच्या दुर्बिणीत तसंच दिसतं, तो बिघाड नव्हे.

सुरुवात नेहमी २५ मिमीने. आमच्या ६५० मिमी नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर) नळीला ती २६ पट मोठं दाखवते, १० मिमीची ६५ पट. पट वाढली की आकाशाचा दिसणारा तुकडा आक्रसतो आणि गुरू सापडता सापडत नाही. ४ मिमीची आयपीस पहिल्या खेपेला देत नाही म्हणून काहीजण रुसतात. पण १६० पटीच्या वर वाऱ्याची झुळूकही चित्र नाचवते, आणि मग फोन आम्हालाच येतो.

पावसाळ्यात दुर्बिणी देत नाही. ढग असतातच, शिवाय दमटपणाने आरशाला बुरशी धरते. बघायला दिवाळीच्या सुमारास देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी), डिसेंबर-जानेवारीत कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा ढग). तो राखाडी धुरासारखा दिसतो, फोटोतले रंग डोळ्यांना दिसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ. उत्तर युरोपातल्यांना तो घरून दिसतच नाही.

पौर्णिमेची मागणी फार, पण त्या रात्री चंद्रही सपाट दिसतो. विवरांच्या सावल्या बघायच्या तर शुक्ल अष्टमीच्या आसपास या. अमावास्येजवळचे शनिवार लवकर भरतात, तारीख आधी कळवा.

दुर्बीण दुसरीकडून घेतली असेल तरी फाइंडर जुळवायला आणा, पैसे घेत नाही. आयपीस मात्र विकत मिळतील.