ओव्हन लावला की लाइन का जाते?

दिवाळीआधी नानकटाईचं पीठ मळून झालं, ट्रे भरला, ओव्हनचं बटण फिरवलं आणि घरभर अंधार. मग इलेक्ट्रिशियनला फोन जातो: "भाऊ, एमसीबी खराब झालाय, मोठा टाकून द्या." बहुतेक वेळा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन तोडणारा खटका, धडधाकट असतो. बिघाड ओव्हनमध्ये किंवा घराच्या लाइनमध्ये असतो, आणि तो शोधायची सुरुवात कोणालाही करता येते. काय पडलं आणि केव्हा पडलं, एवढं नीट पाहायचं.

आधी काय पडलं ते. डीबीचं, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीचं, झाकण उघडलं की अरुंद एमसीबींची रांग दिसते, आणि बऱ्याच घरांत त्यांच्या आधी एक रुंद, टेस्टचं बटण असलेला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका. जुने मिस्त्री त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. फक्त स्वयंपाकघराची लाइन गेली तर एमसीबी पडलाय. सगळं घर गेलं तर बहुधा आरसीसीबी.

दोघांची कामं वेगळी आहेत. करंट किती वाहतोय, हे एमसीबी पाहतो. आरसीसीबीला तेवढ्याशी देणंघेणं नाही. गेलेला करंट तेवढाच परत आला का, इतकंच तो पाहतो. फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन्ही तारा त्याच्या आत एकाच चुंबकीय कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. थोडा करंट अर्थिंगमधून किंवा कोणाच्या अंगातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो, कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका पडतो. घरातला आरसीसीबी साधारणपणे 30 मिलिअँपिअरचा असतो, आणि तो 15 ते 30 च्या मध्ये कुठेही पडू शकतो. 2,000 वॅटचा ओव्हन 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतो. त्याच्या जेमतेम तीनशेव्या भागाएवढी गळती झाली तरी घर अंधारात जातं.

ही गळती बहुतेकदा एलिमेंटमध्ये, म्हणजे ओव्हन तापवणाऱ्या भागात, होते. ओव्हनच्या आत वर-खाली ज्या काळपट नळ्या दिसतात, त्यांतून वीज वाहत नाही. वीज वाहते नळीच्या आतल्या नायक्रोमच्या बारीक, वेटोळ्या तारेतून. निकेल आणि क्रोमियमच्या या मिश्रधातूचं पेटंट अल्बर्ट मार्श यांना 1906 साली अमेरिकेत मिळालं. लालबुंद होऊनही न जळणारी तार हाती आल्यावरच विजेची शेगडी घराघरांत पोहोचली. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. उष्णता सहज जाऊ द्यायची आणि वीज मात्र अडवायची, ही दोन्ही कामं इतक्या तापमानाला करणारे पदार्थ फार थोडे. मला तर ओव्हनमधला सगळ्यात हुशारीचा भाग ही पूडच वाटते. पण ती हवेतली वाफ शोषते. म्हणून नळीची टोकं सील केलेली असतात, आणि वर्षानुवर्षं तापून-निवून त्या सीलला चिरा जातात.

आता यात नागपूरचं हवामान धरा. एप्रिल-मेच्या उन्हात ओव्हन लावायची कोणाचीच इच्छा नसते. तो झाकून माळ्यावर जातो. जूनच्या मध्यापासून पुढे तीन-चार महिने दमट हवा. रोज वापरातला ओव्हन रोज तापून कोरडा होत राहतो, माळ्यावरचा थंड पडून ओलावा पीत राहतो. मग दिवाळी येते.

आमच्या शेजारच्या काकूंकडे ओव्हन लावला की असाच आरसीसीबी पडत होता. मिस्त्रीने मागचा पत्रा काढला तेव्हा खालच्या एलिमेंटच्या एका टोकाचं सील भुगा झालेलं होतं आणि आतली पूड ओलसर होऊन एलिमेंटला वीज जोडायच्या पिनेभोवती चिकटलेली होती. त्याने आधी मल्टिमीटर लावला: पिन आणि नळी यांच्यामध्ये काहीच दाखवलं नाही, म्हणजे सगळं ठीक. मग मेगर लावला आणि काटा सरळ शून्याकडे झुकला. मल्टिमीटरच्या आत काही व्होल्टची बॅटरी असते. मेगर 500 व्होल्ट लावून पाहतो, त्यामुळे कमी दाबाला लपलेली गळती तिथे उघडी पडते. 230 व्होल्टला 30 मिलिअँपिअर गळायला रोध सुमारे 7,700 ओहमपर्यंत उतरावा लागतो. चांगल्या एलिमेंटचा आकडा मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या पटीत येतो. तेव्हा "मल्टिमीटरने पाहिलं, काही नाही" एवढ्यावर समाधान मानू नका, मेगर लावायला सांगा.

ओव्हन दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवा, असा सल्ला हमखास मिळतो. नागपूरचं ऊन कितीही कडक असलं तरी इथे ते अपुरं पडतं. ओलावा पुडीच्या आत खोल असतो, आणि त्यातला काही पुडीशी संयोग होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनलेला असतो. ते मोडायला 300 अंशांच्या वर तापमान लागतं. एलिमेंट काढून काही तास भट्टीत तापवतात ते यासाठीच. सील गेलेलं असेल तर नवीन एलिमेंट घालणंच बरं, कारण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होणार.

दुसरा सल्ला याहून वाईट: आरसीसीबी बायपास करून ओव्हन अर्धा तास चालवा, आपोआप सुकेल. सुकतोही. पण तेवढा वेळ आणि त्यानंतर तार पुन्हा जोडायची राहून गेली तर कायमचं, घरात आरसीसीबी नाही. 10 मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडवत नाही. त्याहून जास्त करंट काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. 30 चा आकडा यावरून ठरलाय. हे कोणालाही करू देऊ नका.

केव्हा पडतं, यावरूनही बरंच कळतं. पिन सॉकेटमध्ये घालून बटण दाबताक्षणी, ओव्हनचे नॉब बंद असतानाही पडत असेल तर वायर, पिन किंवा आतली जोडणी पाहा. नॉब फक्त "खालचं एलिमेंट"वर आणला की पडतं आणि "वरचं"वर चालतं, तर दोषी कोण ते उघड आहे. पंख्याच्या सेटिंगला पडत असेल तर मोटर. ही तपासणी अर्थिंग चांगलं असेल तरच करा, पायात चप्पल घालून, ओव्हनच्या पत्र्याला हात न लावता. आणि पुन्हापुन्हा खटका वर करत बसू नका.

एक प्रकार मात्र चकवतो. ओव्हन बंद आहे, आणि तरी मिक्सर किंवा कूलर लावला की आरसीसीबी पडतो. आपल्या भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते. एलिमेंटच्या न्यूट्रलकडच्या टोकाला गळती असेल तर दुसऱ्या उपकरणाचा परतीचा करंट तिथून थोडा अर्थिंगमध्ये वळतो. बिचारा कूलर उगाच दुरुस्तीला जातो. कूलरच्या पंपाची स्वतःची गळतीही असतेच, आणि आरसीसीबी घरभरच्या गळत्यांची बेरीज पाहतो. म्हणून ओव्हन बटणाने बंद करून भागत नाही, पिन काढून पाहावी लागते.

आरसीसीबी टिकून एमसीबीच पडत असेल तर गोष्ट वेगळी. 1924 साली जर्मनीत हुगो श्टोट्झ यांनी पेटंट घेतलेल्या रचनेचाच हा वंशज: शॉर्ट झाला तर आतलं चुंबक तत्क्षणी तोडतं, नुसता लोड जास्त झाला तर दोन धातूंची पट्टी तापून हळूहळू वाकते आणि मग तोडते. एकाच लाइनवर ओव्हन आणि 2,000 वॅटची इंडक्शन शेगडी लावली की 17.4 अँपिअर होतात. 16 अँपिअरचा एमसीबी जानेवारीत हे सोसतो. पण त्याचं माप 30 अंशांना ठरवलेलं असतं. मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीवरच्या डीबीत 50 अंश झाले की पट्टी आधीच तापलेली असते आणि तोच एमसीबी साधारण दहा टक्के कमी ताकदीचा वागतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो पडला तर त्याचं काही चुकलेलं नाही. तिथे 32 चा एमसीबी घातला तर भिंतीतली 2.5 चौरस मिलिमीटरची वायर तापत राहील. तिचं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतच धरून असतं. ओव्हनला डीबीपासून वेगळी लाइन ओढून घ्यावी.

राहिलं अर्थिंग. ओव्हनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो अर्थिंगने जमिनीत जायला हवा. अर्थिंग तुटलं असेल तर तो हात लावणाऱ्याची वाट पाहत पत्र्यातच राहतो. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या इलेक्ट्रोडपासून सुटते, त्यामुळे पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग मेमध्ये निकामी झालेलं असू शकतं. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं, आणि त्याचा रोध मोजायचा तो मे महिन्यात.