तरुण क्वार्टरबॅक म्हणजे पंधरा वर्षांची निश्चिंती?

फँटसी फुटबॉल म्हणजे खऱ्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंचा आपला संघ बांधायचा आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. त्याच्या डायनस्टी प्रकारात संघ दरवर्षी मोडत नाही, घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडेच राहतो. त्यातून एक समज घट्ट रुजलाय: क्वार्टरबॅक (पास फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) चाळिशीपर्यंत खेळतो, म्हणून ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतला बाविशीचा पोरगा घ्या आणि पंधरा वर्षं निर्धास्त राहा. हे खरं नाही.

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, 2021चा ड्राफ्ट आठवा. पहिल्या 15 निवडींत पाच क्वार्टरबॅक होते: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स, मॅक जोन्स. एप्रिल 2024 संपेपर्यंत लॉरेन्स सोडून बाकी चौघांना त्यांच्या संघांनी दुसरीकडे धाडलं होतं. तीन हंगाम, बस्स! लान्ससाठी तर सॅन फ्रान्सिस्कोने पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीतल्या निवडीचे हक्क मोजले होते.

चाळिशीपर्यंत दिसतात ते या चाळणीतून उरलेले. टॉम ब्रेडीने 2021मध्ये, 44व्या वर्षी, पासचे 5316 यार्ड काढले, पण 2000 साली त्याची निवड 199वी होती.

म्हणून वयाआधी खऱ्या संघात त्याची जागा पक्की आहे का ते बघा. मग तो स्वतः चेंडू घेऊन पळतो का. नेहमीच्या गुणपद्धतीत पासच्या 25 यार्डांना एक गुण, पळून काढलेल्या 10 यार्डांनाच एक. सामन्यात 50 यार्ड पळणारा 125 यार्डांच्या पासइतके गुण नुसत्या पायांनी आणतो.

आणि आपल्या फँटसी लीगचा नियम. 12 जणांत एकेकच क्वार्टरबॅक लावायचा तर 12 पुरतात, सुपरफ्लेक्समध्ये (जिथे एका जादा जागेवरही क्वार्टरबॅक लावता येतो) प्रत्येकाला दोन हवे असतात, म्हणजे 24. एनएफएलमध्ये संघ 32च. म्हणून सुपरफ्लेक्समध्ये जागा पक्की असलेला तिशीपारचा क्वार्टरबॅक कुणी निव्वळ वयापायी स्वस्तात सोडत असेल, तर मी आनंदाने घेईन.