बर्ड फ्लू सस्तन प्राण्यांत मुक्काम ठोकतो का?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूमुळे दगावले. थायलंडमध्ये २००४ साली सी राचाच्या प्राणिसंग्रहालयात कच्च्या कोंबडीवर पोसलेले शंभराहून जास्त वाघ गेले होते. मांसाहारी प्राण्याला भक्ष्यातून विषाणू मिळणं नवं नाही. पण तेवढ्यावरून तो ‘नैसर्गिक यजमान’ ठरत नाही. पाहुणा आला आणि घर बुडवून गेला, याला मुक्काम म्हणत नाहीत. विषाणू पक्ष्यांशिवायही एका प्राण्याकडून त्याच जातीच्या दुसऱ्याकडे जात राहायला हवा.

असं घडू शकतं, याचा सर्वांत बोलका पुरावा अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावरचा. २०२३ च्या विणीच्या हंगामात तिथे हत्ती सीलची १७,००० हून अधिक पिल्लं मेली. ती दूधपिती होती, म्हणजे मेलेला पक्षी खाऊन लागण झाली असं म्हणायला जागा नाही. किनाऱ्यावर सील दाटीवाटीने पडलेले असतात, शिंक-श्वासातून प्रसार सोपा. विषाणूच्या जनुकीय क्रमानेही (जनुकांतल्या अक्षरांच्या मांडणीनेही) तेच सांगितलं. पक्ष्याच्या आतड्यात तापमान ४० अंशांच्या आसपास, सस्तन प्राण्याच्या नाकात सुमारे ३३. या थंडीत आणि परक्या पेशीत विषाणूच्या प्रती काढायला लागणारं पीबी२ हे प्रथिन अडखळतं. त्यातले ५९१ आणि ७०१ या जागांवरचे बदल ही अडचण कमी करतात. पेरू-चिलीच्या समुद्रसिंहांत दिसलेली हीच जोडी इथे सापडली. पुढे ती सुरय पक्ष्यांतही मिळाली, म्हणजे उलटा प्रवासही झाला! तरी सील हा विषाणूचा कायमचा साठा आहे, असं म्हणणं घाईचं होईल. साथीत मेलेले आणि प्रतिकारशक्ती आलेले वजा केले की नवे बळी उरत नाहीत. जुना, भक्कम साठा आजही रानबदकांसारख्या पाणपक्ष्यांतच आहे.

तपासणीत नेहमीची चूक म्हणजे फक्त नाकाचा स्वॅब घेणं. नेदरलँड्समधल्या कोल्ह्यांत विषाणू मुख्यतः मेंदूत सापडला. म्हणून मृत प्राण्याच्या नाक, घसा आणि गुदद्वाराच्या स्वॅबबरोबर मेंदू व फुप्फुसाचे तुकडेही घ्यावेत, प्रत्येकाची कुपी वेगळी. स्वॅब विषाणू-वाहक द्रावणात, ४ अंशांवर. पोहोचायला उशीर होणार असेल तर उणे ८० वर. घरगुती फ्रीजरच्या उणे २० ला जिवंत विषाणू नीट टिकत नाही. नमुने काढताना मास्क, चश्मा, दुहेरी हातमोजे हवेतच.

रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मिळाली तर प्राणी संसर्गातून वाचला एवढंच कळतं. विषाणू त्याला शिकारीतून मिळाला की शेजाऱ्याकडून, हे त्या नळीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी आसपासच्या पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे जनुकीय क्रम शेजारी ठेवून पाहावे लागतात.